जुन्या शाईचित्रांतला मजूर कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी पेन-शाईची रेखाचित्रं, मुख्यतः सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातली, पाहून त्या काळच्या कष्टकऱ्यांबद्दल प्रबंध लिहायचा आहे. तर ही चित्रं पुरावा म्हणून धरता येतील का? आणि माणसाची सामाजिक पायरी चित्रात नेमकी कुठे दिसते, कपड्यांत, चेहऱ्यात की आणखी कशात?

माझं काम कागदावरच्या जुन्या चित्रांची निगा राखण्याचं. चित्र चौकटीतून काढायचं, उलटून बघायचं, शाई कुठे कागद खातेय ते तपासायचं. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं नाही, कागद हाताळणाऱ्याचं आहे.

पुरावा म्हणून चित्रं जरूर धरा, पण कशाचा पुरावा ते आधी ठरवा. मजुराचं चित्र हा सगळ्यात आधी चित्रकार आणि मजूर यांच्यातल्या नात्याचा पुरावा असतो. राबत कोण होतं, बसून कोण होतं, आणि कागद शेवटी कुणाच्या हातात पडणार होता? एवढं कळलं की मग प्रत्यक्ष कामाकडे वळायचं. तिथे गेल्यावर चेहऱ्याच्या फार नादी लागू नका. चेहरा चित्रकार मनाप्रमाणे रंगवतो. हात, पाय आणि पाठ रंगवताना त्याला इतकी मोकळीक नसते.

बसून कोण होतं, याची दोन उदाहरणं मी नेहमी शेजारी ठेवतो. पहिलं आन्निबाले कारात्ची या इटालियन चित्रकाराचं. बोलोन्या शहरातले रस्त्यावरचे कामकरी त्यानं पेननं काढले होते: खाटीक, दारू वाहणारा हमाल, चित्रं विकणारा फेरीवाला. त्याच्या मृत्यूनंतर, 1646 साली, सिमों गियांनं त्यांवरून केलेले 80 ठसे (कोरून छापलेली चित्रं) रोममध्ये पुस्तकरूपानं निघाले. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच म्हटलंय की ही चित्रं चित्रकारानं विरंगुळ्याच्या वेळात काढलेली आहेत. दुसरं उदाहरण चीनमधल्या सूझौचा चित्रकार चौ छन याचं. 1516 साली त्यानं भिकारी, गारुडी आणि बाजारात भटकणारी माणसं शाई व फिकट रंगांत काढली. आज या चित्रांचा अर्धा भाग क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे, अर्धा होनोलुलूच्या. त्यानं सोबत लिहून ठेवलंय की शरद ऋतूत खिडकीशी रिकामा बसलो होतो, बाजारात पाहिलेली ही माणसं आठवली, हाताशी कागद-कुंचला होता, काढून टाकली. बघायला सुखद नसली तरी जगाला इशारा म्हणून उपयोगी पडतील.

एकमेकांची नावंही ठाऊक नसलेले दोन चित्रकार, आणि दोघांच्याही कामाला रिकामपणाची जोड. एकाचा दिवसभराचा घाम हा दुसऱ्याचा विरंगुळा. याचा अर्थ चित्रं खोटी आहेत असा नाही. चौ छनची माणसं तर अंगावर येतात. फाटक्या चिंध्यांतून बरगड्या दिसतात, ताठरलेली बोटं दिसतात. पण ती कोऱ्या कागदावर एकटी उभी आहेत. ना रस्ता, ना दुकान, ना भीक घालणारा. आजूबाजूचं सगळं काढून टाकलं की गरिबी हा त्या माणसाचाच गुण वाटायला लागतो. त्याला कुणी त्या स्थितीला आणलं, हा प्रश्नच चित्रात उरत नाही. पुढच्या काळातल्या विद्वानांनी या चित्रांसोबत अभिप्राय जोडले आणि त्यांना त्यात त्या वेळच्या राज्यकारभारावरची टीका दिसली. ती चित्रात आहे की त्यांच्या मनात होती, हा वाद चालू ठेवावा असाच आहे.

चीनमध्येच याच्या उलट प्रकार सुमारे साडेचारशे वर्षं आधी घडला होता. 1074 साली राजधानीच्या वेशीवर नेमणुकीला असलेल्या चंग श्या नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्यानं दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या लोकांचं चित्र सम्राटाकडे धाडलं. सोबत धोरणं बदलण्याची विनंती होती. ते चित्र चित्र नव्हतंच, अर्ज होता. विषय दोन्हीकडे उपाशी माणसांचाच आहे, पण कागद जाणार कुठे यानं त्याचा अर्थ बदलतो. तुमच्या प्रबंधात प्रत्येक चित्रापुढे हा प्रश्न लिहून ठेवा: हे बघणार कोण होतं?

कारात्चीबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे ‘वरून बघणारा चित्रकार’ हे सोपं समीकरण बिघडतं. आन्निबाले आणि त्याचा भाऊ आगोस्तिनो ही शिंप्याची मुलं. त्यांचा चरित्रकार बेल्लोरी सांगतो की रोममध्ये आगोस्तिनो बड्या लोकांत मिरवायला लागला तेव्हा आन्निबालेनं त्याला एक चित्र काढून दिलं. वडील चष्मा लावून सुईत दोरा ओवताहेत आणि म्हातारी आई हातात कात्री घेऊन बसली आहे. भावाला त्याची पायरी दाखवायला शब्द लागला नाही, सुई पुरली. रस्त्यावरच्या हमालांकडे बघणारा हा माणूस त्यांच्यापासून फक्त एका पिढीच्या अंतरावर होता. त्याच्या खाटकाच्या मनगटाला जो जोर आहे तो निव्वळ कुतूहलातून येत नाही, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

सोळाव्या शतकातला फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, चित्रकार ब्रूगेल याच्या बाबतीत गोष्ट उलटी. त्याला ‘शेतकरी ब्रूगेल’ म्हणायची प्रथा पडली. 1604 साली चरित्र लिहिणारा कारेल फान मांडर सांगतो की तो एका व्यापारी मित्राबरोबर शेतकऱ्यांचा वेश करून खेड्यातल्या लग्नांना जायचा. वेश करावा लागत होता, यातच सगळं आलं. तो अँटवर्प-ब्रुसेल्समध्ये राहणारा, भूगोलतज्ज्ञ ओर्टेलियससारख्या विद्वानांत ऊठबस असलेला शहरी माणूस होता आणि त्याचे ग्राहक धनाढ्य होते.

त्याचं 1565 सालचं ‘वसंत’ हे पेनचित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. ते अगदी सावकाश बघा. पुढे बागेचे चौकोनी वाफे. माणसं खणताहेत, माती ओढताहेत, रोपं लावताहेत. त्यांच्यामध्ये उंची पोशाखातली एक बाई काम सांगत उभी आहे. मागे मेंढ्यांची लोकर कातरणं चाललंय आणि त्याच्याही मागे मांडवाखाली मौजमजा. एकाच कागदावर काम, हुकूम आणि करमणूक असे तीन थर आहेत. गंमत म्हणजे ब्रूगेलनं कुणालाच व्यंगचित्र केलेलं नाही. फरक फक्त शरीरांच्या आकारात आहे. ज्यांच्या हाती अवजार आहे ती सगळी शरीरं कुठेतरी वाकलेली, दुमडलेली. हुकूम देणारं शरीर उभं आणि सरळ. मला कुणी विचारलं की चित्रात वर्ग कुठे दिसतो, तर मी म्हणतो आधी मणक्याकडे बघा. वाकलेल्या आणि ताठ पाठी मोजल्या तरी निम्मं चित्र उलगडतं.

याच चित्रकाराचं बर्लिनमधलं ‘मधमाश्या पाळणारे’ (1567-68 च्या सुमाराचं) बघितलंत तर चेहऱ्याचा नाद सोडा असं मी का म्हणतो ते कळेल. जाड झगे घातलेली तीन माणसं, तोंडावर विणलेल्या जाळ्या. चेहरे नाहीतच. तरी पोळं काखेत धरून चालणाऱ्याची जपून टाकलेली पावलं बघा, ती धंदा करणाऱ्याचीच आहेत. मागे झाडावर एक पोरगा चढलाय. खाली म्हण लिहिली आहे, तिचा आशय असा की घरटं कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याजवळ माहिती. जो ते लुटतो, त्याच्याजवळ घरटं. यावर विद्वानांनी धर्मकलहापासून मालमत्तेपर्यंत बरेच अर्थ लावलेत. मी त्यात पडत नाही.

‘प्रत्यक्ष पाहून काढलेलं’ या दाव्याबद्दल मात्र सावध करतो. शेतकरी, भिकारी आणि गाडीवान यांची सुमारे 80 पेनचित्रं फार काळ ब्रूगेलच्या नावावर होती. त्यांवर हातानंच ‘जिवंतपणावरून’ अशा अर्थाची टीप आहे आणि कुठला कपडा कुठल्या रंगाचा हेही बारीक अक्षरात नोंदलंय. 1970 च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिलं की ती रूलांट साफेरीची आहेत. हा प्राग इथे सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या पदरी होता आणि त्यातली माणसं बोहेमियातली, म्हणजे प्रागच्या आसपासच्या मुलखातली, आहेत. म्हणजे तोवर या चित्रांतून फ्लेमिश शेतकऱ्याचा पोशाख वाचणाऱ्यांनी भलत्याच मुलखातला माणूस वाचला होता. रंगांच्या टिपाही नीट बघा. त्या कपड्यांबद्दल आहेत, माणसांबद्दल एक अक्षर नाही. दरबारी चित्रकाराला पुढे मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात बसवायला आकृत्यांचा साठा लागायचा. त्या साठ्यातला भिकारी उद्या कुठल्या निसर्गचित्रात जाऊन बसेल, त्याचं त्यालाही ठाऊक नसे.

आता प्रत्यक्ष काम कसं तपासायचं ते.

पहिली कसोटी अवजाराची पकड. कुदळ, विळा, कोयता, वल्हं, जे असेल ते, चित्रातल्या पद्धतीनं धरलं तर चालेल का? दोन हातांतलं अंतर, अंगठा कुठे आहे, पाय किती फाकलेत. ज्या चित्रकारानं काम नीट पाहिलेलं नसतं तो अवजार राजदंडासारखं धरायला लावतो. दुसरी कसोटी ओझ्याची. ओझं असेल तर शरीरानं त्याची भरपाई केलेली दिसायला हवी: उजव्या खांद्यावर पोतं असेल तर डावं कंबरडं बाहेर, मान पुढे, टाच जमिनीत दाबलेली. ओझं रिकाम्या टोपलीसारखं वाटत असेल तर चित्रकारानं मजुराचा पोशाख काढलाय, मजुरी काढलेली नाही. तिसरी कसोटी पायांची. पादत्राण आहे की नाही, कशाचं आहे, किती झिजलंय. लाकडी खडावा, चिंध्या गुंडाळलेले पाय आणि अनवाणी पाय या तीन वेगवेगळ्या पायऱ्या असतात. चित्रकार पायांपर्यंत येईतो कंटाळलेला असला तर तेही दिसतंच. तिथली रेष घाईची होते.

पण इथे एक अडचण आहे. मजुराला उभं करून चित्र काढायचं म्हणजे त्याला काम थांबवायला लावायचं. कुदळ वर उचलून कुणी तासभर उभं राहत नाही. व्हॅन गॉगनं 1885 साली भावाला लिहिलेल्या पत्रात हे नेमकं पकडलंय. त्याचं म्हणणं असं की खणणाऱ्याचा फोटो काढला तर त्या क्षणी तो नक्कीच खणत नसणार, आणि आपल्या आकृत्या शाळेतल्या मोजमापाप्रमाणे बिनचूक निघाल्या तर आपल्याला वाईटच वाटेल. हेगमध्ये त्यानं वृद्धाश्रमातली माणसं पैसे देऊन समोर बसवली होती. त्यातल्या एकाच्या, आड्रियानुस झाउडरलांटच्या, कोटावर आश्रमाचा 199 हा क्रमांक होता. म्हणजे चित्रात मजूर दिसतो तेव्हा खरं तर दुसरीच मजुरी चालू असते, स्थिर बसण्याची, आणि तिचा मोबदला चित्रकार देत असतो. कुठलीही मुद्रा बघितली की स्वतःला विचारा, ही दहा मिनिटं टिकवता येईल का? टिकण्यासारखी असेल तर ती बहुधा पैसे देऊन घेतलेली आहे. टिकण्यासारखी नसेल तर चित्रकारानं ती एक तर कामाच्या जागी झपाट्यानं टिपली, नाही तर आठवणीतून रचली.

आठवणीतून रचलेल्याचं उदाहरण त्याचंच आहे. बेल्जियममधल्या बोरिनाजच्या कोळसा-मुलखात तो धर्मप्रचारक म्हणून राहिला होता, खाणीत उतरलाही होता. ब्रुसेल्सला आल्यावर 1881 मध्ये त्यानं कोळशाची पोती वाहणाऱ्या बायका पेन-शाई-पेन्सिलीनं काढल्या. हे चित्र क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. बायका इतक्या वाकल्यात की चेहरा जवळजवळ दिसत नाही. कडेला झाडावर क्रूस टांगलाय, मागे देऊळ आहे. ओझं खरं आहे, पण क्रूसामुळे चित्र प्रवचनाकडे झुकतं. वाकलेली पाठ इथे मजुरीचीही खूण आहे आणि सहनशीलतेचीही. दोन्ही वेगळ्या करून लिहा. सहनशीलता ही मजुराची नसून बघणाऱ्याची कल्पना असू शकते.

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार होगार्थ याच्याकडे तर प्रवचन उघडच आहे. ‘उद्योग आणि आळस’ (1747) या त्याच्या 12 ठशांच्या मालिकेची पेन आणि करड्या छटांतली पूर्वचित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पहिल्याच प्रसंगात दोन शिकाऊ विणकर: एक मागावर राबतोय, दुसरा मागाला टेकून झोपलाय आणि दारात मालक काठी घेऊन उभा. पुढे एक लंडनचा लॉर्ड मेयर होतो, दुसरा फासावर जातो. हे मालकांनी शिकाऊ पोरांना दाखवायचं चित्र होतं. माग कसा होता हे त्यातून शिकता येईल. विणकर कसा जगत होता हे त्यातून शोधायला जाऊ नका.

आता ज्या चित्रापाशी मी सर्वांत जास्त थांबतो त्याबद्दल. रेम्ब्रांटची दोन छोटी पेनचित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहेत. तळहाताहून जरा मोठे कागद. खांबाला बांधलेली एक मेलेली मुलगी, एकदा समोरून, एकदा बाजूनं. दोरखंड काखेखालून गेलाय, हात सैल लोंबताहेत, डोक्याशेजारी एक कुऱ्हाड टांगली आहे. बराच काळ ही कोण हे ठाऊक नव्हतं. 1969 साली इसाबेला फान एगेन यांनी ॲमस्टरडॅमच्या कागदपत्रांतून तिला शोधून काढलं. एल्सिए ख्रिस्तियान्स, वय 18, डेन्मार्कच्या युटलँडची. मोलकरणीचं काम मिळेल म्हणून शहरात आली होती. भाडं थकलं, घरमालकिणीशी भांडण झालं, मालकीण झाडू घेऊन अंगावर आली आणि हिच्या हाताला कुऱ्हाड लागली. मे 1664 मध्ये तिला मृत्युदंड दिला आणि प्रेत पाण्यापलीकडच्या फोलेव्हेक या जागी लोकांनी बघावं म्हणून खांबाला बांधलं. रेम्ब्रांट होडीनं पलीकडे गेला असणार.

इथे चित्र आणि कागदपत्र एकत्र आल्यावर काय होतं ते बघा. नाव कळेपर्यंत हे ‘फाशी दिलेली स्त्री’ असं चित्र होतं. नाव कळल्यावर ते काम शोधायला आलेल्या परप्रांतीय मुलीचं, थकलेल्या भाड्याचं आणि घरकामाच्या बाजाराचं चित्र झालं. कागदावरची एकही रेष बदलली नाही. आता रेषा बघा. खांब आणि दोर आखडत्या, सरळ रेषांत. घागऱ्यावर कुंचल्यानं ओढलेली रुंद छटा. चेहऱ्यावर मात्र मोजकंच, झोपलेल्यासारखं. कुऱ्हाडीला तिनं जितकी जागा घ्यावी तितकीच दिली आहे, मोठी करून दाखवलेली नाही. ही कुऱ्हाड शिक्षेचा भाग म्हणून टांगली होती, गुन्ह्याचं अवजार लोकांना कळावं म्हणून. रेम्ब्रांटनं फक्त जे होतं ते टिपलं.

यावरून रेम्ब्रांटला गरिबांचा कैवारी ठरवायचा मोह होतो. तो आवरा. याच माणसाच्या घरी मुलाला सांभाळायला गेर्टिए डिर्क्स नावाची दाई होती. पुढे दोघांचे संबंध जुळले. मग ते तुटले, तिनं लग्नाचं वचन मोडल्याचा दावा 1649 मध्ये लावला, न्यायालयानं तिला पोटगी मंजूर केली, आणि 1650 मध्ये तिला खौडा इथल्या सुधारगृहात डांबण्यात रेम्ब्रांटचा हात होता. ती तिथे पाच वर्षं होती. चित्रातली नजर आणि घरातला व्यवहार यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. दोन्ही नोंदी मात्र ठेवाव्या लागतात.

साहित्याबद्दल थोडं बोलतो, कारण विद्यार्थी हे नेहमी वगळतात. संग्रहालयाच्या पाटीवर ‘तपकिरी शाई’ असं लिहिलेलं असतं ते फक्त आज दिसणाऱ्या रंगाचं वर्णन असतं. मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक यांची शाई कागदावर काही दिवसांत काळी होते आणि पुढच्या शतकांत हळूहळू तपकिरी पडते. म्हणजे आज जे शेतकरी, भिकारी, मोलकरणी उबदार मातकट रंगात न्हालेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याचजणी काढल्या तेव्हा कडक काळ्या होत्या. लाकडाच्या काजळीपासून केलेली शाई मात्र मुळातच तपकिरी असते. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांना नेहमी कळतोच असं नाही. शाईनं कागद चिरला असेल, मागच्या बाजूला रेष उमटली असेल तर बहुधा हिराकसाची. प्रबंधात ‘जुन्या ग्रामीण जीवनाचा उबदार भाव’ असलं काही लिहायच्या आधी एवढी चौकशी करा. तो भाव पुष्कळदा रसायनाचा असतो.

कागदही बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला कागद चिंध्यांचा, मुख्यतः लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, जुन्या कापडाचा. चिंध्या गोळा करणारे, त्या निवडणाऱ्या बायका, लगद्याच्या हौदात साचा बुडवणारा, ओला ताव लोकरीच्या कापडावर उलटवणारा, तावांची चळत लावणारा, एवढ्यांचे हात लागल्यावर एक ताव तयार व्हायचा. उजेडासमोर धरलात तर साच्याच्या तारांच्या रेघा आणि जलचिन्ह दिसेल. त्यावरून कागद कुठल्या गिरणीचा याचा अंदाज लागतो. पुढे पोलादी टाक आले तेव्हा ते बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत हजारोंनी बनू लागले आणि दाबयंत्रावर बसणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मजुराचं चित्र नसलेल्या कागदावरही मजुरी असतेच; तुमचा विषय तिथपर्यंत ताणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी ताणला असता.

कारण ठसे कोरणाऱ्यांची गोष्ट त्यातच येते. मेट्रोपोलिटनमध्ये ब्रूगेलचा एक लाकडी ठोकळा आहे, ‘गलिच्छ नवरी’ या लोकनाट्यातल्या प्रसंगाचा, 1566 च्या सुमाराचा. पांढरट लेप दिलेल्या लाकडावर ब्रूगेलनं पेननं चित्र काढलं, कोरणाऱ्यानं एका बाजूनं कोरायला घेतलं आणि काम मध्येच थांबलं. कोरलेल्या भागात चित्रकाराची शाई उरलेलीच नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकल्यावर एक बारीक उंचवटा तेवढा उरतो. न कोरलेल्या भागात पेनची चपळ रेष जशीच्या तशी. एरवी पुरं झालेलं काम आपल्याला छापील रूपातच दिसतं आणि आपण त्याला ‘ब्रूगेलची रेष’ म्हणतो, कोरणाऱ्याचा हात दिसत नाही. जपानमध्ये तर मूळ चित्रच ठोकळ्यावर उपडं चिकटवून त्याच्यासकट कोरत, त्यामुळे चित्र नष्टच व्हायचं. होकुसाईची 103 छोटी शाईचित्रं ब्रिटिश म्युझियमनं 2020 मध्ये घेतली, ती आज आहेत ती केवळ छपाई झाली नाही म्हणून. आणि होकुसाई स्वतः पोरवयात ठोकळे कोरण्याचंच काम शिकला होता.

फ्रेंच चित्रकार दोमिये याच्याबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात त्याची 1864 ची रेल्वेच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची तीन चित्रं आहेत, शाई आणि जलरंगांतली. ती मागवली एका श्रीमंत अमेरिकी संग्राहकानं. तिसऱ्या वर्गाचा डबा पहिल्या वर्गातल्या माणसाच्या भिंतीवर गेला, एवढं टिपून पुढे जा.

आतापर्यंतचे सगळे चित्रकार बाहेरून बघणारे होते. आतून बघणारे कमी आहेत, पण आहेत. पेरूमधला ग्वामान पोमा दे आयाला हा अँडीज पर्वतातला स्थानिक माणूस. त्यानं 1615 च्या सुमारास स्पेनचा राजा तिसरा फिलिप याच्यासाठी जवळजवळ 1200 पानांची हकिकत लिहिली आणि त्यात पानभर आकाराची 398 शाईचित्रं घातली. हस्तलिखित कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे, 1908 मध्ये ते उजेडात आलं. रेष ओबडधोबड, अंग-प्रत्यंगांचं मोजमाप शाळकरी. पण ऑगस्टच्या नांगरणीचं चित्र बघा. पुरुष पायनांगर जमिनीत दाबताहेत, समोर बायका ढेकळं हातानं उलटताहेत. कोण कुठे उभं राहतं, कुणाचा हात कुठे लागतो, सगळं बरोब्बर. आणि मग ती दुसरी चित्रं: मागाशी बसलेल्या बाईवर हात उगारणारा पाद्री, खाणीचा अधिकारी स्थानिक मुखियांना हाल करून शिक्षा देतोय. ब्रूगेलच्या बाईनं हुकूम दिला तेव्हा आपल्याला शांत बाग दिसली. इथे हुकूम कसा पाळून घेतात ते दिसतं. अर्थात ग्वामान पोमाही कुणी वेठबिगार नव्हता. तो स्वतःला खानदानी म्हणवायचा आणि स्वतःच्या चित्रात त्यानं स्पॅनिश पोशाख घातलाय. ‘आतून’ म्हणताना हे विसरू नका.

आणि शेवटी बंगाल, 1943. दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद यांनी नोव्हेंबर महिन्यात मिदनापूर जिल्हा पायाखाली घातला आणि कुंचला-शाईनं चित्रं काढली. त्यांचा सचित्र अहवाल छापला गेला, त्याच्या प्रती ब्रिटिश सरकारनं जप्त करून नष्ट केल्या. त्याच वेळी दुसरे चित्रकार झैनुल आबेदिन कलकत्त्याच्या रस्त्यांवर स्वस्तातल्या कागदावर काळ्या शाईचे जाड फटकारे मारत होते. चित्तप्रसादांच्या चित्रांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अक्षरं. एका प्रेताच्या चित्रावर त्यांनी लिहिलंय की याचं नाव क्षेत्रमोहन नाईक होतं. साफेरीनं कपड्याचा रंग नोंदला होता, यांनी माणसाचं नाव नोंदलं. एल्सिएला तिचं नाव मिळायला 305 वर्षं लागली, इथे ते त्याच कागदावर आहे. चित्र काढताना चित्रकारानं समोरच्याला नाव विचारलं होतं की नाही, ही माझ्या मते तुमच्या प्रबंधातली सगळ्यात कामाची रकाना-नोंद ठरेल. बहुतेक रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवा, ‘अनाम श्रमिक’ असं भरू नका.

आता पद्धतीबद्दल. थोडी चित्रं घ्या, पण मूळ कागद बघा. संग्रहालयांच्या अभ्यासिकेत आधी कळवून वेळ घेतली की ते दाखवतात. तिरक्या उजेडात बघायला मिळेल का ते विचारा. रेषांवरून धातूच्या टोकानं गिरवल्याची चर दिसली तर चित्र ठशासाठी होतं, म्हणजे गिऱ्हाईक अनेक होते. मागची बाजू मागून घ्या. तिथे हिशेब, दुसरं अर्धवट चित्र किंवा जुन्या मालकाचा शिक्का असतो.

आणि ठसा व मूळ चित्र शेजारी ठेवाल तेव्हा हात तपासा. ठशात चित्र उलटं उमटतं. एखाद्या मालिकेत सगळेच कापणीवाले विळा डाव्या हातात धरून दिसले तर त्या गावात डावखुरे जास्त होते असा निष्कर्ष काढू नका. कोरणाऱ्यानं चित्र उलटवून घेण्याची तसदी घेतली नाही, इतकंच. उलट मूळ चित्रात मजूर डावखुरा असेल आणि ठशात उजव्या हातानं काम करत असेल, तर चित्रकारानं छपाई डोक्यात ठेवून मुद्दाम तसं काढलंय, आणि समोर उभा राहिलेला माणूस काम कसं करत होता हे त्या कागदावरून आता सांगता येणार नाही.